संघ कोणाच्या बळावर टिकतो?

कान्हे स्थानकावर उतरून इंद्रायणीचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक हे आंदर मावळातील गाव लागते. एका दिशेस पुणे, दुसऱ्या दिशेस घाट उतरून मुंबई. दोन संपन्न नगरांच्या दरम्यान वसलेल्या या गावातील मुलास फुटबॉलचे उत्तम सामने जवळच पाहावयास मिळत असतील, असे कोणासही वाटेल. काही वर्षे ते मिळतही होते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रथम पुणे फुटबॉल क्लब खेळला. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेत त्याने दुसरे स्थान पटकाविले. परंतु मालक उद्योगसमूहाने हात आखडता घेतला आणि २०१५ मध्ये संघ बंद पडला. २०१४ साली स्थापन झालेला एफसी पुणे सिटी हा संघही आर्थिक अडचणीत सापडून २०१९ मध्ये विसर्जित झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडची कथा याहून विलक्षण आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरलेला हा संघ २०१० साली त्याच्या कंपनीनेच बंद केला. त्याचा शेवट मैदानावर नव्हे, तर कार्यालयात झाला.

याचे कारण उघड आहे. खेळाडूंचे वेतन, प्रशिक्षक, केरळपासून मिझोरामपर्यंतचा प्रवास, मैदानाचे भाडे हा खर्च तिकिटांच्या उत्पन्नातून भागत नाही. उरलेली तूट धनिकाच्या थैलीतून भरून निघते. मोठ्या शहरात ग्राहक पुष्कळ, म्हणून जाहिरातदार तेथे येतात आणि जाहिरातदारांमागून मालक येतात. परंतु शहरात माणसे पुष्कळ असली, म्हणजे ती सारी संघाची माणसे होतात असे नव्हे. हा भेद ओळखण्यात पुण्यामुंबईचे हिशेब वारंवार चुकले आहेत.

पैशाचे सामर्थ्य नाकारण्यात मात्र शहाणपण नाही. मुंबई सिटी या संघाला पहिल्या पाच वर्षांत एकही करंडक मिळाला नव्हता. २०१९ साली इंग्लंडमधील मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने त्यात ६५ टक्के भाग घेतला आणि २०२०-२१ च्या हंगामात इंडियन सुपर लीगची ढाल व करंडक दोन्ही मुंबईस आले. याउलट गोव्याकडे पाहावे. धेंपो क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला. तरीही, सुपर लीगला अग्रस्थान देणाऱ्या नव्या रचनेत आपणास स्थान नाही, असे पाहून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही गोमंतकीय संघ आय-लीगमधून बाहेर पडले.

त्यांच्या जाण्याने एक चमत्कार घडला. खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या ऐजॉल या संघास रिकाम्या जागी पुन्हा प्रवेश मिळाला आणि २०१६-१७ मध्ये तोच विजेता झाला! मिझोराम राज्याची लोकसंख्या अवघी अकरा लाखांच्या आसपास. टाकव्याच्या शेजारचे पिंपरी-चिंचवड त्याहून मोठे. ऐजॉलचे प्रशिक्षक खालिद जमील हे पूर्वी मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी जाऊन पुढे बंद पडला. तथापि ऐजॉलचे भाग्यही फार टिकले नाही. जमील यांना कोलकात्याच्या ईस्ट बंगालने लगेच आपल्याकडे नेले. लहान गावच्या संघाने माणसे घडवावी आणि मोठ्या शहराने ती घेऊन जावी, हा जगभरचा रिवाज आहे.

त्यावर उपाय नाही, असे मात्र नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत प्रक्षेपणातून क्लबांना जे वाटले जाते, त्याचा निम्मा भाग सर्वांस समान मिळतो. स्पेनमध्ये प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतंत्रपणे विकत असे, त्यामुळे रेआल माद्रिद आणि बार्सेलोना हे दोघेच गबर झाले. अखेर २०१५ मध्ये शासनाला कायदा करून एकत्र विक्री सक्तीची करावी लागली. असे नियम असले म्हणजे लहान संघ श्रीमंत होत नाही, पण उभा राहू शकतो. आपल्याकडे या वाटणीची चर्चा मालकांच्या चर्चेइतकी होत नाही, हे खेदाचे आहे.

मालकीचा प्रश्न तर त्याहून अवघड. पुण्याच्या विसर्जित संघाची जागा हैदराबादला गेली. तेथील संघ २०२१-२२ मध्ये सुपर लीगचा विजेता झाला, आणि २०२५ मध्ये तोही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, तेव्हा सारी पेठ मैदानावर लोटते. राष्ट्रीय स्पर्धेचा खर्च या तालमींना झेपणारा नाही, हे खरे. परंतु पाटाकडील तालीम उचलून दुसऱ्या शहरी न्यावी, असे कोणा धनिकाच्या मनात आले, तर तिचा विक्रेता त्याला कोल्हापुरात सापडणार नाही.