मूळ फोटोला हात लावू देऊ नका

मंडळी, जुने फोटो 'नवे' करून घ्यायची सध्या आपल्या घरांतून लाटच आलीय. भंवरकुआंला कोचिंगच्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढणारा दुकानदारही आजोबांच्या फोटोवरचे डाग काढून देतो, वर कोट रंगीत करून देतो. करा की, हौस आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, मूळ स्कॅन आधी वेगळा ठेवा, मग काय ते करा.

दुकानदार म्हणतो, "काका, टेन्शन मत लो, अनडू हो जाएगा." होतं हो, पण कुठवर? १९९० साली फोटोशॉप आलं तेव्हा एकच पाऊल मागे जाता यायचं. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत हिस्ट्री आली, तेव्हा ओळीनं मागे जाता येऊ लागलं. तीही फाइल उघडी असेपर्यंतच. बंद केली की गेली. चार पावलं मागे येऊन नवा ब्रश फिरवला, तर रीडू करायलाही काही उरत नाही. आणि त्याच नावानं सेव्ह केलं, तर मूळ फोटो संपलाच.

आमच्याकडे हेच झालं. आजीच्या मोठ्या जाऊबाई, सगळ्यांच्या माई, ऐन विशीत विधवा झाल्या. फोटोत आलवण, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. पुतण्याच्या मुलाला ते बघवेना. त्यानं दुकानात सांगून कुंकू लावून घेतलं, लुगडं हिरवं करवलं. हेतू चांगलाच. पण कागदी फोटो वाळवीनं आधीच खाल्लेला, आणि फाइल तीच. आता नव्या सुना विचारतात, "माईंचे यजमान काय करायचे?" आम्ही खरं सांगतो, तर भिंतीवरचा फोटो आम्हाला खोटं पाडतो.

फोटोवर हात फिरवणं नवं नाही म्हणा. लाला दीनदयाळ आपल्या इंदूरला नोकरीत असताना कॅमेऱ्याकडे वळले, त्या काळी काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं सुरकुत्या घालवत. तिथे अनडू नव्हतं, म्हणून हात जपून चालायचा.

तर दुकानात दोन फाइली मागा. एकीच्या नावात 'मूळ' लिहा. दुसरीत बदल वेगळ्या लेयरवर करायला सांगा, म्हणजे कुंकू कधीही काढता येईल.

आणि रामबागेतल्या कुणाच्या अल्बमात आमच्या वाड्यातल्या मुंजीचा ग्रुप फोटो असेल तर कळवा. माई मागच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या.