जुन्या बारची गाठ

"दादा तुझा जुना बार हिला देणार आहे म्हणे. बार म्हणजे कसला रे?" मामीचा फोन. मागे मामेबहीण हसत होती. गोव्याला जाणारा भाचा आणि बार, एवढं ऐकल्यावर बेळगावातल्या कुठल्याही मामीला जे वाटेल तेच तिला वाटलं होतं.

तर आधी तेवढं सांगून टाकतो. काइटसर्फिंगमध्ये पायाखाली फळी असते, डोक्यावर मोठा पतंग असतो आणि हातात दीडेक फुटाची एक दांडी असते. त्या दांडीला बार म्हणतात. पतंगाकडून वीस-पंचवीस मीटरच्या चार दोऱ्या खाली येतात. बाजूच्या दोन दांडीच्या टोकांना बांधलेल्या असतात. मधल्या दोन एका जाड दोरीला जोडलेल्या असतात. ती दोरी दांडीच्या मधल्या भोकातून खाली येते आणि तिच्या टोकाला एक कडी असते, तिला चिकन लूप म्हणतात. ही कडी कमरेच्या पट्ट्याच्या हुकात अडकवायची. म्हणजे ओढ कमरेवर येते आणि हात फक्त दिशा देतात. दांडी जवळ ओढली की पतंग जोर धरतो, पुढे सोडली की ढील मिळते. संक्रांतीला गच्चीवर आपण बोटांनी करतो तेच, फक्त इथे पतंग बारा चौरस मीटरचा असतो आणि ओढला जाणारा माणूस आपण असतो.

नोव्हेंबर ते मे या दिवसांत शनिवारी पहाटे चोर्ला घाट उतरायचा, दुपारी मोरजीच्या किनाऱ्यावर समुद्राकडून वारा उठला की पाण्यात शिरायचं आणि रविवारी रात्री परत, हे माझं पाच वर्षं चाललंय. पहिला पतंग आणि बार मी हंगाम संपल्यावर घरी निघालेल्या एका पाहुण्याकडून जुना घेतला. नवा परवडणारा नव्हता. हा बार आता बहिणीला द्यायचा होता. ती मागच्या वर्षी रीतसर शिकली आहे, माझ्यापेक्षा बरी शिकली आहे. पण द्यायच्या आधी मला तो उघडून बसायचं होतं, कारण त्या बारमध्ये मी स्वतः एकदा घोळ घातलेला आहे.

त्याचं असं झालं. माझे हात आखूड. दांडी पुढे सोडली की ती हाताबाहेर जायची आणि परत ओढताना पुढे झुकावं लागायचं. दुकानात यासाठी एक रबरी गोळा मिळतो. तो दांडीच्या वर दोरीवर बसतो आणि दांडीला अडवतो. जोर लागला की तो सरकायला हवा. माझा गोळा जरा जास्तच सरकायचा, म्हणून मी त्याच्या वर एक घट्ट गाठ मारली. पाच मिनिटांचं काम. दोन शनिवार इतकं छान चाललं की मी ती गाठ मित्रांना दाखवत फिरलो.

तिसऱ्या शनिवारी वारा एकदम वाढला. पतंग खाली येईना, मी किनाऱ्याकडे ओढला जाऊ लागलो. अशा वेळी काय करायचं हे पहिल्याच दिवशी शिकवतात: चिकन लूपवरचा क्विक रिलीज पुढे ढकलायचा. कडी उघडते, दांडी मोकळी होऊन दोरीवरून वर धावते आणि पतंग एकाच दोरीवर लोंबकळत फडक्यासारखा फडफडतो. त्याचा जोर जातो. मी ढकललं. कडी उघडली. दांडी हातभर वर गेली आणि माझ्या गाठीला आपटून थांबली. चारही दोऱ्या अजून ताणलेल्या, पतंग अजून उडतोय, आणि मी आता कमरेच्या हुकाऐवजी लीशला, म्हणजे पट्ट्याच्या बाजूला जोडलेल्या सुरक्षेच्या दोरीला लटकून वाळूकडे निघालेलो. लीशलाही स्वतःचा वेगळा रिलीज असतो. तो ओढला म्हणून सुटलो. पतंग एकटाच उडाला आणि सुरूच्या झाडांत जाऊन फाटला. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी त्याच झाडांखाली मुलं खेळत असतात.

एका दोरीवर पतंगाचा जोर पूर्ण जायचा असेल तर दांडीला त्या दोरीवरून साधारण पतंगाच्या रुंदीइतकं वर जाता आलं पाहिजे. बारा चौरस मीटरच्या पतंगाला हे अंतर साडेसात-आठ मीटर होतं. माझ्या गाठीने दिलं हातभर. त्या वाटेत दुसरं काहीही अडकलं, जाड शिवण, चुकीच्या मापाची नळी, लायटरने जाळून कडक झालेलं दोरीचं टोक, तरी हेच होईल. आणि रोजच्या वापरात हे कधीच कळत नाही. आमच्या धंद्यात याला ओळखीचं दुखणं म्हणतात: एका ठिकाणी सुधारणा केली आणि महिन्यातून एकदाच चालणारा दुसरा कोड मोडला.

जुन्या बारचं जुनेपण कशात असतं हेही सांगायला हवं. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या लेगेन्यू बंधूंनी हवा भरलेल्या कण्याच्या पतंगाचं पेटंट 1984 मध्ये घेतलं. पुढे बरीच वर्षं पतंग इंग्रजी सी अक्षरासारखे खोल असायचे आणि दांडी कितीही सोडली तरी त्यांचा जोर फारसा कमी व्हायचा नाही. 2005 च्या सुमारास चपटे, कन्नी लावलेले पतंग आले आणि दांडी सोडताच जोर उतरू लागला. म्हणून एका काळचा बार दुसऱ्या काळच्या पतंगाला लावणं दिसतं तितकं सोपं नाही. जुन्या सी पतंगांपैकी बरेच एका पुढच्या दोरीवर नीट लोळत नाहीत, त्यांना पाचवी दोरी लागते. रिलीज कसा असावा आणि तो कसा तपासावा याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 21853, तर 2020 मध्ये आलं. माझा बार त्याच्या बराच आधीचा.

तर मामाच्या परसात, आंब्याखाली, आम्ही दोघं बसलो. ती गाठ तर कधीच कापली होती. आधी दोऱ्या. चारही टोकं एका खिळ्याला अडकवून दांडी सरळ धरून ओढली. मधल्या दोऱ्यांवर ओढ जास्त असते, त्यामुळे त्या वापराने लांबतात. आमच्या तीन बोटं लांब निघाल्या. मग बाजूच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात आणि पतंग मागे बसू लागतो. हे दुरुस्त करायला सोपं आहे. दोरीच्या टोकाच्या आखूड तुकड्यांवर ओळीने गाठी दिलेल्याच असतात, एक गाठ पुढची घ्यायची. दोऱ्या स्वतः मात्र गाठ मारून कधी जोडायच्या नाहीत. त्या डायनीमाच्या असतात. हा धागा पोलादी ताकदीचा पण निसरडा, गाठीत त्याची जवळपास निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद जाते, आणि दीडशे अंशांच्या आसपास तो वितळतोच. दोरी पोकळ विणीची असल्यामुळे टोक आतून ओवून जोडता येतं. हे बहिणीला माझ्यापेक्षा चांगलं जमलं, गजरा ओवल्यासारखं.

मग दांडीचं भोक. त्यातून कापसाचा बोळा फिरवला. एका कडेला कापूस अडकला, म्हणजे तिथे धार आली होती, आणि नेमकी तिथेच जाड दोरी पिंजली होती. दोरी नवीन घातली, जुनीच्या जाडीची. जास्त मजबूत म्हणून जाड दोरी घालायचा मोह होतो, पण मग दांडी तिच्यावरून धावत नाही. भोकातली घासलेली नळी बदलली. इथपर्यंत सगळं घरी करण्यासारखं आहे आणि खुशाल करावं.

शेवटी रिलीज. मी हाताने दहा वेळा उघडून दाखवला, दहाही वेळा टकाटक उघडला. "बघ, अजून नवा आहे," मी म्हणालो.

"दादा, पण पाण्यात कोणी असा मोकळा धरून उघडत नाही की," ती म्हणाली.

मग फांदीला बार बांधला, तिने पट्टा घातला, कडी अडकवली आणि पाय उचलून लोंबकळली. खाली गादी. तिचं वजन अट्ठेचाळीस किलो. एका हाताने ढकललं. नाही उघडला. दोन्ही हातांनी ढकलल्यावर उघडला. परत केलं, पुन्हा तेच. मग बादलीभर पाण्यात वाळू कालवून त्यात बुडवून पाहिलं, तर दोन्ही हातांनीही नाही. आतली स्प्रिंग गंजलेली होती आणि नळीत जुनं मीठ साचून दगड झालं होतं. चूक माझी: घाट चढायची घाई, म्हणून गोड्या पाण्याने धुणं मी नेहमी टाळायचो. मी हाच रिलीज अडीच हंगाम कमरेला लावून फिरलो आहे.

मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. "सुटलं नाही का गं?"

"नाही आई."

"मग ते कशाला देतोस तिला?"

रिलीज मी घासून, स्प्रिंग बदलून चालू करू शकलो असतो. हात शिवशिवतही होते. पण हा एकच भाग असा आहे ज्याला घरचा उपाय करायचा नाही असं मी आता ठरवलंय. बनवणाऱ्याने त्याच बारसाठी दिलेला नवा पूर्ण संच मिळाला, तर कडी, रिलीज आणि लीश तिन्ही एकत्र बदलायची. नाही मिळाला तर बार बाद. आमच्या बारला तो मिळाला, मानकावर उतरलेला. बसवल्यावर पुन्हा आंबा, पुन्हा गादी, कोरडं, ओलं, वाळूतलं, उजवा हात, डावा हात, डोळे मिटून. नंतर दांडी त्या एका दोरीवरून वरपर्यंत धावते का ते अंगणभर दोरी पसरून पाहिलं. या वेळी मध्ये काही लागलं नाही.

रबरी गोळा तिने काढूनच टाकला. तिचे हात लांब आहेत.

जुना रिलीज माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे, वाळूसकट. आणि येत्या शनिवारी पहाटे चार वाजता मामी आम्हाला डबा देणार आहे. ती स्वतःही येते म्हणालीय, किनाऱ्यावर बसून बघायला.