भुकेचे जनुक आणि दोषाचे वाटप

‘जिभेवर ताबा नाही’ हा शेरा लठ्ठ व्यक्तींना आयुष्यभर ऐकावा लागतो. वजन म्हणजे निव्वळ मनोनिग्रहाचा प्रश्न, ही समजूत समाजात खोलवर रुजली आहे. तिला मोठा धक्का दिला तो १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या एका जनुकाने.

हे जनुक मेदपेशींमध्ये ‘लेप्टिन’ नावाचे संप्रेरक घडवते. रक्तावाटे मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचून ते शरीरात मेदाचा साठा किती आहे, याची वर्दी देते. साठा पुरेसा असला की भूक आवरते. तो घटला की लेप्टिन घटते, भूक बळावते आणि शरीर ऊर्जेचा खर्च आखडता घेते. कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा चढते, त्याचे एक कारण येथे सापडते.

माणसातील पुरावा १९९७ मध्ये मिळाला. केंब्रिजमधील संशोधकांना सदोष लेप्टिन जनुक असलेली दोन चुलत भावंडे आढळली. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. पुढे तिला लेप्टिनची इंजेक्शने देण्यात आली, तेव्हा वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोने उतरले. तिची अनावर भूक हा हावरटपणा नव्हता, तर तो एका संप्रेरकाचा अभाव होता.

हा विकार मात्र अत्यंत दुर्मिळ. अॅमजेन कंपनीने १९९५ मध्ये या जनुकाच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. पण सर्वसामान्य लठ्ठपणावर लेप्टिन रामबाण ठरले नाही. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुबलक असते. मेंदूच त्याची पुरेशी दखल घेत नाही. उपासमारीपासून बचाव हेच या यंत्रणेचे मुख्य काम असावे, असे आता मानले जाते.

भारतात २०२५ मध्ये दाखल झालेली वजन घटवणारी नवी इंजेक्शने आतड्यातील संप्रेरकांची नक्कल करतात. ती थांबवल्यावर घटलेले वजन बऱ्याच अंशी परत येते, हेही चाचण्यांत दिसले आहे.

याचा अर्थ आहार-व्यायाम निरर्थक आहेत, असा नव्हे. जनुके काही दशकांत बदलत नाहीत, बदलले ते ताट आणि राहणीमान. मात्र दोन माणसांची भूक सारखी नसते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. लठ्ठपणाला दुर्गुण न मानता विकार मानणे, ही उपचाराची पहिली पायरी ठरावी.