याला स्कोप काय?

फायनल इयरच्या सेमिनारचा विषय द्यायला गेले तेव्हा सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "याला स्कोप काय?" माझ्या मागे रांगेत ईव्ही बॅटरीचं कूलिंग उभं होतं, त्याच्या मागे थ्रीडी प्रिंटिंग, त्याच्या मागे पुन्हा ईव्ही. माझ्या कागदावर होतं : मानवतावादी संस्थांमधलं ईओडी, म्हणजे युद्ध संपल्यावर न फुटता राहिलेले बॉम्ब शोधून नष्ट करण्याचं काम. सर वाईट नाहीत हो. हा प्रश्न आपल्या कॉलेजात सगळ्यांनाच विचारतात आणि प्रेमानंच विचारतात. विषय त्यांनी शेवटी मान्यही केला. पण तेव्हा मला उत्तर नीट देता आलं नाही, ते इथे देतेय.

हे खूळ डोक्यात आलं कुठून? मी वर्धा जिल्ह्यातली. नववीत होते, तेव्हा २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करायच्या जागी स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. बॉम्ब बनवणं जसं कुणाचं तरी काम असतं, तसं तो संपवणं हेही कुणाचं तरी रोजचं काम असतं, डबा घेऊन जायचं काम, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुलगावचा दारूगोळा निदान साठ्यातला होता, कुठे काय आहे ते माहीत असलेला. मी ज्याबद्दल लिहितेय तो लोकांच्या शेतात पडलेला असतो आणि कुठे ते कुणालाच माहीत नसतं.

सगळ्यात मोठं उदाहरण लाओसचं. शेजारच्या व्हिएतनाममध्ये लढाई चालू होती, रसदीच्या वाटा लाओसच्या जंगलातून जात होत्या, म्हणून १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं या चिमुकल्या देशावर २० लाख टनांच्या वर बॉम्ब टाकले. विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या. त्यात क्लस्टर बॉम्ब भरपूर. एक मोठा डबा हवेत उघडतो आणि आतले शेकडो छोटे बॉम्ब खाली विखुरतात. असे छोटे बॉम्ब पडले सुमारे २७ कोटी. त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत असा अंदाज आहे, म्हणजे जवळजवळ ८ कोटी जमिनीत राहिले.

लाओसमधले लोक त्याला 'बॉम्बी' म्हणतात. बीएलयू-२६ नावाची बॉम्बी पेरूएवढी असते. कवचात सुमारे ६०० बारीक गोळ्या, आणि कवचावर उंचवट्याच्या कडा. पडताना त्या कडांवर वारा लागून बॉम्बी गरगर फिरते, ठराविक वेग आला की सेंट्रिफ्यूगल फोर्सनं आतला फ्यूज सज्ज होतो आणि आपटली की फुटते. थिअरी ऑफ मशीन्समध्ये गव्हर्नर शिकलो ना, तेच तत्त्व. कुणीतरी आपल्यासारखाच इंजिनियर, आपल्यासारखाच ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला. आता काहींचा वेग पुरेसा आला नाही, काही झाडात अडकल्या, काही भातशेतीच्या चिखलात अलगद रुतल्या. आपल्या भाषेत ३० टक्के रिजेक्शन. पण पंप फेल झाला की बंद पडतो आणि विषय मिटतो. बॉम्बी फेल झाली की पन्नास वर्षांनी कुणाची तरी कुदळ लागेपर्यंत, किंवा नेमकी तिच्या डोक्यावर चूल पेटेपर्यंत, विषय उघडाच राहतो. १९६४ ते २००८ या काळात तिथे ५० हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली आणि त्यातली सुमारे २० हजार युद्ध संपल्यानंतर. पोरांना ती चेंडू वाटते, हे वेगळं सांगायला नकोच.

सिनेमात बॉम्ब काढणारा हिरो घामाघूम असतो, लाल वायर की निळी वायर, तीन सेकंद उरलेत. लाओसमध्ये यातलं काही नाही. आधी गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, कुठे पडले होते, कुठे बैल गेला. मग नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन घ्यायचा, त्याचे ५० मीटर बाय ५० मीटरचे ४०० खण पाडायचे आणि एकेक खण तपासत जायचं. बॉम्बी सापडली की तो खण लाल. त्यावरून ठरतं कुठली जमीन पूर्ण साफ करायची. साफ करताना दोऱ्या बांधून पट्टे पाडतात आणि डिटेक्टर फिरवत गुडघ्यावर सरकतात. आवाज आला की खूण, मग छोट्या खुरप्यानं बाजूनं माती काढत जायचं, वरून कधीच नाही. बहुतेक वेळा निघतो खिळा. किंवा पत्र्याचा तुकडा. किंवा जुना छर्रा. मग पुढचा आवाज.

आणि बॉम्बी निघालीच तर? तिला हातसुद्धा लावत नाहीत. भोवती वाळूची पोती रचतात, शेजारी, तिला न टेकवता, स्फोटकाची कांडी ठेवतात, वाटांवर माणसं उभी करतात, भोंग्यावरून गावाला सांगतात आणि लांबून उडवतात. मग खड्डा पुन्हा तपासायचा आणि वहीत लिहायचं. टीमबरोबर एक वैद्यकीय मदतनीस दिवसभर सावलीत बसलेला असतो. त्याला काही काम न मिळणं हाच चांगला दिवस.

माझं मत असं की या कामाला 'डेअरिंग' म्हणणं हा त्याचा अपमान आहे. या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, ईओडीच्या पात्रतेच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीच्या माणसानं फक्त शिकवलेली वस्तू ओळखायची आणि जागेवरच उडवायची. फ्यूज निकामी करण्याची भाषा तिसऱ्या पायरीपासून. 'मला जमेल, बघतो' म्हणणारा माणूस इथे चालत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये गॉगल न लावता ग्राइंडरवर उभे राहणारे जे वीर आहेत (नावं घेत नाही, तुम्ही ओळखता), त्यांना पहिल्या दिवशी घरी पाठवतील.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. तिसऱ्या सेमला टेन्साइल टेस्टची दोन रीडिंग मी 'बसवली'. यंत्र अडकलं होतं, सबमिशन दुसऱ्या दिवशी, आणि पुस्तकातली किंमत तर माहीतच होती. ग्राफ देखणा आला. दहापैकी नऊ मिळाले. तुम्ही कुणीच असं केलं नसेल, हे मला माहीत आहे.

सेमिनारसाठी वाचताना एम८५ नावाच्या बॉम्बीचा किस्सा सापडला. ही नव्या पिढीची, इस्रायलची. आधीचा फ्यूज चुकला तर स्वतःच फुटून जायची सोय असलेली. तिचं फेल होण्याचं प्रमाण चाचणीत साधारण १ टक्का येतं, म्हणून ही 'सुरक्षित', असं सांगितलं जात होतं. २००६ च्या लढाईत ती दक्षिण लेबनॉनमध्ये पडली. नंतर नॉर्वेजियन पीपल्स एड या संस्थेनं कॉलिन किंग या माजी लष्करी बॉम्बतज्ज्ञाला बरोबर घेऊन प्रत्यक्ष जमिनीवर किती राहिल्या हे तपासलं आणि २००७ मध्ये अहवाल काढला. प्रमाण आलं सुमारे १० टक्के. चाचणीच्या मैदानात जमीन सपाट आणि कडक असते, खऱ्या जगात उतार असतो, झाडं असतात, मऊ माती असते. २००८ मध्ये क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार झाला, त्या वाटाघाटींत हा आकडा फार कामाला आला. तो आकडा शेतात वाकून मोजणाऱ्यांच्या वह्यांतून आला. एकानं जरी वहीत रीडिंग 'बसवलं' असतं तर? तेव्हापासून माझं ते जर्नल मला बघवत नाही.

त्या करारावर भारताची सही नाही. असावी की नसावी यावर आमच्या मजल्यावर रात्री दीडपर्यंत भांडण झालं, रेक्टर मॅडम आल्या म्हणून थांबलं. आपल्या सीमा बघता सही नको म्हणणाऱ्या मैत्रिणी मूर्ख नाहीत. मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया तर सही करून बाहेर पडला. पण ज्या जमिनीत आधीच पडलंय ती कुणीतरी साफ करायची, यावर त्या रात्री एकमत होतं.

तर स्कोप. सर, कॅम्पसला यातली एकही संस्था येणार नाही. पॅकेजही नाही. शेतातलं बहुतेक काम तिथलीच माणसं करतात आणि तेच योग्य आहे. लाओसच्या शिएंगखुआंग प्रांतात 'मॅग' या संस्थेच्या फक्त बायकांच्या टीम आहेत, बहुतेक जणी शेतकऱ्यांच्या घरच्या. नोकरीची शाश्वती म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा अशा कामांना एका पत्रानं टाळं लागलं होतं. मग आमचं काम काय? खिळा आणि बॉम्बी यांचा आवाज वेगळा ओळखणारा डिटेक्टर. उतारावर न उलटणारं चिलखती यंत्र. ४०० खणांचा हिशेब ठेवणारा नकाशा. कंबोडियात स्फोटकाचा वास घ्यायला आफ्रिकेतले मोठे उंदीर शिकवून आणलेत, त्यातल्या मगावा नावाच्या उंदरानं ७१ सुरुंग शोधले आणि २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. (आपल्या मेसमधल्यांकडून अशी अपेक्षा ठेवू नये.) उंदीर जे करतो ते सेन्सरला अजून नीट जमत नाही, हे वाचून मला तरी लाज वाटली.

घरी फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "अगं, एवढं शिकवलं ते बॉम्ब उकरायला?" बाबा एसटीत कंडक्टर आहेत. ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "तिथं जेवायला काय असतं?" म्हणजे निम्मा होकार, असं मी धरून चालले आहे. दोन संस्थांना पत्रं पाठवली आहेत, एकीचं उत्तर आलंय : आधी दोन वर्षं कुठेतरी काम करून या.

सेमिनार पुढच्या गुरुवारी पाच वाजता, मेकॅनिकलच्या वरच्या हॉलमध्ये. त्या दिवशी फीस्ट आहे, माहीत आहे मला. सव्वासहाला सोडते. आणि टेन्साइल टेस्टचा नवा ग्राफ जर्नलला जोडलाय, लॅबवाल्या काकांनी यंत्र उघडून दिलं. देखणा नाहीये.