सुलभ चिन्हांकन आणि मराठी संहिता

संगणकावर लेखन प्रसिद्ध करणाऱ्या प्रणालींमध्ये सुलभ चिन्हांकनाची सोय असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु भर कोणत्या शब्दावर, अवतरण कोठे संपते, ओळ कोठे तुटते, हे ठरविणारी व्यवस्था संहितेच्या अर्थाशी निगडित असते. साहित्याच्या अभ्यासकांनीही तिची दखल घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

डीन ॲलन यांची ‘टेक्स्टाइल’ (२००२) आणि जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेली ‘मार्कडाउन’ (२००४) या अशा दोन पद्धती होत. मार्कडाउनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंस तारका वा अधोरेषा दिली की तो तिरप्या ठशात उमटतो. चिन्हे तशीच राहिली तरी मजकूर सहज वाचता यावा, ही ग्रुबर यांची मूळ भूमिका. तिचे मोल मोठे आहे. कारण अशी संहिता एखाद्या विशिष्ट प्रणालीत बंदिस्त होत नाही आणि दीर्घकाळ जतन करता येते.

तथापि या पद्धतींचे नियम इंग्रजी लेखनाच्या सवयींतून घडले आहेत. मार्कडाउनच्या प्रमाणीकरणासाठी २०१४ मध्ये पुढे आलेल्या ‘कॉमनमार्क’नुसार अधोरेषेला लागूनच अक्षर आले, तर तिरपा ठसा तेथे संपत नाही. संगणकीय आज्ञावलीतील अधोरेषायुक्त नावे सुरक्षित राहावीत, हा त्यामागील हेतू. मराठीत मात्र विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव अधोरेषांत ठेवून पुढे ‘मध्ये’ लिहिले, की तिरपा ठसा नाहीसा होऊन अधोरेषाच छापल्या जातात. तारका वापरल्यास ही अडचण टळते. पण ग्रंथनामाला अवतरणचिन्हे देऊन ती तारकांच्या आत घेतली आणि पुढे प्रत्यय जोडला, तर तारकाही निष्फळ ठरतात. क्रमांकित यादीसाठी केवळ इंग्रजी अंक ओळखले जातात. १, २, ३ असे देवनागरी अंक घातल्यास यादीच्या ओळी एका परिच्छेदात मिसळतात.

सर्वांत गंभीर हानी पद्याची होते. मूळ नियमाप्रमाणे ओळ बदलल्याची खूण केवळ मोकळी जागा मानली जाते. ओळ खरोखर तोडावयाची तर तिच्या अखेरीस दोन रिक्त जागा सोडाव्या लागतात. डोळ्यांना न दिसणारी ही खूण नकल करताना सहज गळते आणि ओवीचे वा अभंगाचे चरण गद्यासारखे सलग होतात. पोथ्यांतील लेखन सलग असे, पण चरण दाखविणारा दंड निदान दिसत असे.

लेखकाने नियम शिकून घ्यावेत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अपुरा आहे. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रूढ केली. पण ती स्थिरावली, कारण मराठी वाक्यरचनेला ती सामावून घेता आली. येथे तर प्रत्ययच चिन्हाच्या आड येतो.

सुलभ चिन्हांकन स्वीकारावेच. मात्र ते स्वीकारताना प्रत्यय, अंक आणि चरण या तीन कसोट्यांवर प्रत्येक प्रणाली तपासली जावी, आणि रूपांतरित पानाबरोबर चिन्हांकित मूळ संहिताही जपली जावी. उद्याच्या पाठचिकित्सकाला हाती येणारी प्रत बहुधा हीच असेल. तिच्यातील दोष लेखकाचा की यंत्राचा, हे त्याला ओळखता आले पाहिजे.