राखेचा इशारा विमानाला मिळतो, माळवदाला कधी?

१/९ मुरुड म्हटले की बहुतेकांना जंजिरा आठवतो. हे मुरुड लातूर–बार्शी रस्त्यावरचे. येथे विहीर खणताना लागणारा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ज्वालामुखी हा आपल्या पायाखालचा इतिहास आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो डोक्यावरूनही गेला.

२/९ २३ नोव्हेंबरला इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी जागा झाला. गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या रात्री गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, दिल्लीच्या आकाशात पोचली. काही उड्डाणे रद्द झाली.

३/९ हे इतक्या लवकर कळले कसे? त्याचे मूळ २४ जून १९८२ च्या रात्रीत आहे. इंडोनेशियातील गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली. सुदैवाने ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्तात उतरले. कोरडी राख विमानाच्या हवामान रडारला दिसत नाही; इंजिनात मात्र ती वितळते आणि पात्यांवर काचेसारखी थिजते.

४/९ अशा प्रसंगांतून जगभर ज्वालामुखी राखेच्या सूचनांची नऊ केंद्रे उभी राहिली. पाण्याचा ढग आणि राखेचा ढग अवरक्त किरण वेगवेगळ्या रीतीने शोषतात. हा फरक उपग्रह टिपतात. मग वाऱ्याच्या गणितावरून राखेची पुढची वाट काढली जाते. हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधील तुलूझचे केंद्र सूचना देत होते. आपल्या बॅरन बेटावर ऑस्ट्रेलियातील डार्विनचे केंद्र लक्ष ठेवते.

५/९ व्यवस्था उत्तम आहे, पण ती वैमानिकासाठी घडवलेली आहे. राखेची उंची, दिशा, वेळ त्याला नेमकी मिळते. त्याच आकाशाखाली तुरीच्या रानात उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो: ही राख खाली पडेल का? जनावरांचे पाणी झाकू का? त्या वेळी राख फार उंचावरून गेली, जमिनीवर धोका नगण्य होता. हे शांतपणे सांगणे हासुद्धा इशाऱ्याचाच भाग आहे. ते वेळेवर पोचले नाही, तर ती जागा अफवा घेते.

६/९ राख येथवर पडूच शकत नाही, असे कोणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला आणि कऱ्हेकाठच्या मोरगावला ज्वालामुखी राखेचे थर सापडले आहेत. अभ्यासक त्यांचा संबंध सुमात्रातील टोबाशी जोडतात. तो उद्रेक ७४ हजार वर्षांपूर्वीचा की त्याहून जुना, यावर वाद आहे. राख समुद्रापलीकडून आली, ही गोष्ट महत्त्वाची.

७/९ अर्धवट इशाऱ्याची किंमत आपल्या जिल्ह्याइतकी कोणाला ठाऊक असेल? किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे गेली. भूकंपाचे भाकीत तेव्हा शक्य नव्हते, आजही नाही. परंतु दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे किती घातक ठरेल, हे त्या वर्षभरात घरोघर सांगता आले असते. जमीन बोलत होती. तिचे बोलणे घराच्या भाषेत उतरवणारे कोणी नव्हते.

८/९ म्हणून माझे मत असे: मुरुडला राखेसाठी वेगळा भोंगा नको. वीज, गारपीट, पूर, राख या सर्वांसाठी एकच साखळी हवी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा थेट मोबाइलवर देते; तोच धागा पुढे न्यावा. हवामान विभागाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून ग्रामपंचायतीला, तेथून दवंडीसारखा प्रत्येक वस्तीला निरोप जावा. मजकूर मराठीत आणि कृतीचा असावा: पाणी झाका, वैरण झाका, नाकातोंडाला ओले फडके बांधा, माळवदावरची राख भिजून जड होण्याआधी उतरवा, किंवा, आज काहीही करायची गरज नाही.

९/९ उपग्रहाने पाहिले म्हणजे इशारा झाला, असे नव्हे. ज्याच्या अंगणात संकट उतरणार, त्याला काय करायचे ते कळले की इशारा पूर्ण होतो. आकाशाची व्यवस्था जगाने एका रात्रीच्या धड्यातून उभारली. किल्लारीचा धडा त्याहून फार महाग होता.