इम्युनिटी वाढवायची की सांभाळायची?

“डॉक्टर, इम्युनिटी वाढवायला एखादं टॉनिक लिहून द्या.” कोविडनंतर ही मागणी ओपीडीत रोजचीच झाली आहे. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून टाकी जितकी भरेल तितकी चांगली. प्रतिकारशक्तीचं तसं नसतं.

इंटरल्युकिन-६, म्हणजेच आयएल-६, या प्रथिनाचं उदाहरण घेऊ. हा आपल्या शरीरातला निरोप्या आहे. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी तो रक्तात सोडतात. त्याचा निरोप मेंदूला पोहोचला की ताप चढतो. यकृताला पोहोचला की सीआरपी तयार होतं. रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये तुम्ही पाहता तेच हे सीआरपी. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींनाही त्याची मदत होते. काम झालं की निरोप थांबायला हवा. तो थांबला नाही, तर सूज आपल्याच अवयवांना इजा करते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रभर नातेवाईक टोसिलिझुमॅब इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. हे इंजेक्शन आयएल-६ चा निरोप पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत ते ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांना दिलं गेलं. २८ दिवसांतले मृत्यू शंभरात ३५ वरून ३१ वर आले. फायदा खरा होता, पण तो संजीवनी नव्हता.

याच चाचणीत डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइडही तपासलं गेलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही फायदा झाला नाही. औषध तेच, फरक वेळेचा. तरीही त्या काळात साध्या तापालाही घरोघरी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या. अनियंत्रित मधुमेहाला स्टिरॉइडच्या अतिवापराची जोड मिळाली आणि काळ्या बुरशीनं अनेकांचे डोळे, जबडे गेले.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. स्टिरॉइड स्वतःच्या मनानं सुरू करू नका. आधीपासून चालू असेल, तर अचानक बंदही करू नका.

२. रुमॅटॉइड संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेत असाल, तर प्रत्येक डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. या औषधावर असताना जंतुसंसर्ग झाला, तरी ताप कमी राहू शकतो आणि सीआरपी नॉर्मल दिसू शकतं. रिपोर्ट चांगला आहे म्हणून अंगावर काढू नका.

३. टॉनिकचे पैसे साखर आटोक्यात ठेवण्यावर खर्च करा. झोप पुरेशी घ्या, तंबाखू सोडा, लसी वेळेवर घ्या.

चांगली प्रतिकारशक्ती वेळेवर जागी होते आणि वेळेवर शांतही होते. कोणतीही बाटली विकत घेण्यापूर्वी एवढंच विचारा : ही माझ्या शरीरात नेमकं काय वाढवणार आहे?